मुलाच्या वर्गावर कोण आहे, हे पालकांना कळू द्या

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा २०२४-२५ चा यूडायस प्लस अहवाल, म्हणजे देशभरातल्या शाळांची वार्षिक आकडेवारी, आली तेव्हा बातम्यांचा सूर आनंदाचा होता. देशातल्या शिक्षकांची संख्या पहिल्यांदाच एक कोटीच्या वर गेली. एका शिक्षकामागे दुसरीपर्यंतच्या पायाभूत स्तरावर १०, तिसरी ते पाचवीच्या पूर्वतयारी स्तरावर १३, त्यावरच्या सहावी ते आठवीच्या स्तरावर १७ आणि माध्यमिकला २१ मुले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसाच्या आत राहा असे सांगितले आहे, आणि आपण तर त्याच्याही बरेच आत. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. देशात एकशिक्षकी शाळा १,०४,१२५ आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे ३३ लाख ७६ हजार. त्यातल्या आठ हजारांहून अधिक शाळा महाराष्ट्रातल्या.

भागाकार करून पाहिला तर अशा एका शाळेत सरासरी ३२ मुले येतात. नुसत्या गुणोत्तराने मोजली तर ही शाळा फारशी वाईट ठरत नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे तिसाला एक, असेच प्रमाण आहे. पण या ३२ मुलांत अक्षर ओळखणारे पोर आहे आणि अपूर्णांकाशी झगडणारी पाचवीतली मुलगीही आहे. दोघांसमोर एकच माणूस, आणि तोच मुख्याध्यापक, तोच पोषण आहाराचा हिशेबनीस. तो आजारी पडला की शाळा बंद. गुणोत्तराच्या रकान्यात यातले काहीच उमटत नाही.

शाळांची माहिती आपण सरकारला पदे मंजूर करायला लागते तशी गोळा करतो आणि तशीच छापतो. पालकाचे प्रश्न वेगळे असतात. माझ्या मुलीच्या वर्गात मुले किती? त्या वर्गावर वर्षभर कोण? त्या बाईंकडे एकाच वेळी किती इयत्ता? सातवीला विज्ञान शिकवणारे गुरुजी स्वतः विज्ञान कुठवर शिकले आहेत? या प्रश्नांची उत्तरे शाळेकडे असतात, बरीचशी तर दरवर्षी ऑनलाइन भरलीही जातात, आणि तरी पालकापर्यंत पोहोचत नाहीत. ती वर्गनिहाय जाहीर झाली पाहिजेत आणि तसे बंधन कायद्याने घातले पाहिजे.

सरासरी नेमके काय झाकते ते पाहू. समजा एका केंद्रात, म्हणजे शेजारच्या शाळांच्या सरकारी गटात, तीन शाळा आहेत. पहिलीत १० मुले आणि दोन शिक्षक, दुसरीत २० मुले आणि दोन शिक्षक. तिसरी बाजारपेठेच्या गावातली, मुले १८०. कायद्याप्रमाणे तिथे पाच शिक्षक आणि मुख्याध्यापक हवा, पण पदे रिक्त असल्यामुळे वर्गावर तिघेच. केंद्राचा हिशेब २१० मुलांना सात शिक्षक, म्हणजे बरोबर तिसाला एक. अहवालात केंद्र पास. प्रत्यक्षात २१० पैकी १८० मुले साठ-साठच्या घोळक्यात बसतात. अशी केंद्रे एकत्र करून तालुका होतो, तालुक्यांचा जिल्हा, जिल्ह्यांचे राज्य, आणि वर जाता जाता ही १८० मुले आकड्यातून पार नाहीशी होतात.

महाराष्ट्रात हा खेळ केवढ्या प्रमाणावर चालत असेल, याची कल्पना समूह शाळांच्या, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याच्या, प्रस्तावातून आली. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने जो हिशेब मांडला त्यात वीसपर्यंत पट असलेल्या शाळा सुमारे १४,७८३, मुले एक लाख ८५ हजारांच्या आसपास आणि शिक्षक जवळपास २९,७००. म्हणजे एका शिक्षकामागे सहा मुले. राज्याची सरासरी खाली ओढणारे हे शिक्षक शहराकडच्या फुगलेल्या तुकड्यांच्या काहीच कामाचे नाहीत. पण त्यांना ‘जादा’ म्हणून शाळाच बंद करणे हा उलट टोकाचा अन्याय होईल. बारा मुलांच्या वाडीवरच्या शाळेत दोन शिक्षक हे चैनीचे नसतात, कारण बारा मुले पाच इयत्तांत विभागलेली असतात. म्हणून ‘एका शिक्षकामागे मुले किती’ याच्या शेजारी ‘एका शिक्षकाकडे इयत्ता किती’ हा आकडा छापायलाच हवा. एवढे एक केले तरी पटाच्या नावाखाली शाळा बंद करण्याचा युक्तिवाद निम्मा लंगडा पडेल आणि ती सरासरी दाखवून मोठ्या शाळांतली रिक्त पदे झाकणेही अवघड होईल.

सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी एक दुपार बसलो होतो. एक गुरुजी तालुक्याला, पंचायत समितीत मीटिंगला. राहिलेल्या बाईंनी पहिली-दुसरीला व्हरांड्यात पाढे लिहायला बसवले होते आणि आत तिसरी, चौथी, पाचवी तीन रांगांत. फळ्याचेही खडूने तीन भाग केलेले. चौथीला भागाकार समजावत असताना त्यांचा मोबाइल वाजला. त्या दिवशीची आहार घेतलेल्या मुलांची संख्या ॲपवर भरली नव्हती, म्हणून केंद्रातून फोन. रेंज मिळावी म्हणून त्या अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. भागाकार फळ्यावर अर्धा राहिला. कार्यालयाच्या भिंतीवर तेलरंगाने सुबक रंगवलेला तक्ता होता. इयत्तावार पट, मुले-मुली, प्रवर्गनिहाय संख्या, ‘मंजूर पदे २, कार्यरत पदे २, रिक्त ०’. तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. गावातल्या कुणी तो वाचला तर शाळेत शिक्षक पुरेसे आहेत असेच त्याला वाटेल.

‘कार्यरत’ आणि ‘वर्गावर’ या दोहोंतले अंतर कोणत्याच अहवालात येत नाही. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांशिवाय शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते. पण निवडणुकीच्या नावाखाली बीएलओचे, म्हणजे मतदार याद्यांचे, काम वर्षभर चालते, आणि माहिती भरण्याच्या कामांना तर कुणी अशैक्षणिक म्हणतच नाही. प्रभारी केंद्रप्रमुख, प्रतिनियुक्तीवर गेलेला शिक्षक, दीर्घ रजेवरच्या बाई हे सगळे आपापल्या शाळेच्या ‘कार्यरत’ संख्येत मोजले जातात. रिक्त पदांचेही तसेच. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिक्त राहू नयेत, असे कलम २६ म्हणते. मात्र मंजूर पदे ठरतात संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची पदे ठरवण्याच्या सरकारी प्रक्रियेत. निकष कडक केले की मंजूर पदेच कमी होतात आणि एकही नवा शिक्षक न नेमता रिक्त जागांचे प्रमाण घसरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळांची पदे शून्यावर येणार असे दिसले, तेव्हा डोंगरी तालुक्यांतून जी ओरड झाली ती याचसाठी.

वर्ग लहान असण्याने फरक पडतो का, हा वाद जुना आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ‘स्टार’ नावाचा मोठा प्रयोग झाला. काही मुले १३ ते १७ च्या वर्गात, काही २२ ते २५ च्या वर्गात, आणि काही तेवढ्याच मोठ्या वर्गात पण शिक्षकासोबत पूर्णवेळ मदतनीस देऊन. लहान वर्गातली मुले वाचनात आणि गणितात पुढे गेली. मदतनीस दिलेल्या वर्गांत मात्र म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. वर्गात मोठी माणसे दोन झाली, पण एका शिक्षकाच्या नजरेसमोरची मुले तेवढीच राहिली. गुणोत्तर आणि वर्गाचा आकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

आता पट मोजायचा कधी, ते बघा. यूडायसची गणती ३० सप्टेंबरच्या तारखेला बांधलेली आहे. बीड, जालना, अहिल्यानगरच्या ऊसतोड पट्ट्यात ही तारीख कारखाने पेटण्याच्या अगोदरची. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, मुले आईबापांबरोबर कोल्हापूर, सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे गावच्या शाळेचा जो आकडा वर जातो तो वर्षातले जेमतेम काही महिने खरा असतो, आणि मुले जिथे गेली तिथल्या शाळेच्या पटावर ती आली की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यात आधारची भर. संचमान्यतेसाठी आधार वैध असलेलीच मुले धरायची असे ठरल्यापासून शिक्षकांचे कितीतरी दिवस ‘इनव्हॅलिड’ आणि ‘मिसमॅच’ निस्तरण्यात जातात. नावातल्या एका अक्षराचा फरक असलेला मुलगा रोज बाकावर बसतो, पण पद मंजूर करताना तो नसतो. ज्यांची कागदपत्रे कच्ची, अशी पारध्यांची, वीटभट्टीवरची, स्थलांतरितांची मुलेच यात जास्त गळतात. नेमके ज्यांना शिक्षकाची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यासाठीच शिक्षक मोजला जात नाही.

आधारचा हा आग्रह आला तो मात्र उगाच नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. आधी नांदेड जिल्ह्यात झालेल्या मोहिमेच्या धर्तीवर, मुलांच्या बोटाला शाई लावून. पटावर असलेली सुमारे वीस लाख मुले शाळेत आढळली नाहीत, आणि चौदाशेच्या आसपास शाळांत निम्म्याहून जास्त मुले गैरहजर निघाली. त्या मुलांच्या नावावर तुकड्या मंजूर झाल्या होत्या, शिक्षकांचे पगार निघत होते, तांदूळ येत होता, गणवेशाचे पैसे येत होते. आकड्यावर पैसे अवलंबून असले आणि तो आकडा फक्त वरच्या कार्यालयाला दिसत असला की तो फुगतो. मग तो रोखायला सरकार शाई आणते, नंतर आधार आणते, पुढे चेहरा ओळखणारे यंत्र आणेल. यातला सगळा संशय वरून खाली येतो. गावाला पट माहीत असता तर? इयत्ता तिसरी ‘ब’ मध्ये ४२ मुले आहेत, असे शाळेच्या दारावर लिहिलेले असते आणि गल्लीतल्या पालकांना तिसरी ‘ब’ अस्तित्वातच नाही हे ठाऊक असते, तर ही वीस लाख नावे इतकी वर्षे टिकली असती असे मला वाटत नाही.

शिक्षकाच्या पात्रतेकडे वळलो की प्रश्न जास्त नाजूक होतो, आणि तो नाजूकपणेच हाताळायला हवा. २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आवश्यक केली. महाराष्ट्रात २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे २०२१ च्या अखेरीस उघड झाले आणि पुढे सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागातला शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतल्या आयडीचा घोटाळा बाहेर आला. नियमाप्रमाणे मान्यता नसलेल्या शिक्षकांचे आयडी तयार करून सरकारी तिजोरीतून पगार काढल्याचे ते प्रकरण. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितले. वीस-वीस वर्षे प्रामाणिकपणे शिकवणारी माणसे पुन्हा परीक्षेच्या अर्जाला लागली. खोटे प्रमाणपत्र घेऊन आलेला आणि भरतीच्या वेळचे सगळे नियम पाळून आलेला, दोघांनाही ‘टीईटी नाही’ या एका रकान्यात टाकणे हा त्या शिक्षकांवर अन्याय आहे. पण या गोंधळाचे एक कारण हेही आहे की पात्रता ही गोष्ट आपण कायम फायलीत ठेवली.

यूडायसच्या शिक्षक प्रपत्रात शैक्षणिक अर्हता, व्यावसायिक अर्हता, कोणत्या इयत्तांना आणि कोणते विषय शिकवतो, गणित, विज्ञान, इंग्रजी हे विषय स्वतः कोणत्या स्तरापर्यंत शिकला, अशैक्षणिक कामात किती दिवस गेले, हे सगळे विचारले जाते. म्हणजे सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवणारा पदवीधर शिक्षक मुळात मराठी किंवा इतिहासाचा पदवीधर आहे का, हे सरकारला माहीत असते. कायद्याचे परिशिष्ट तर सांगते की या गटात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवाच. मात्र शाळेची जी माहिती लोकांसाठी खुली असते तीत पदवीधर इतके, प्रशिक्षित इतके, कंत्राटी इतके अशा संख्याच दिसतात. त्यावरून आपल्या मुलाला सातवीत गणित कोण शिकवते याचा पत्ता लागत नाही. २०२२ मध्ये सरकारने ‘आपले गुरुजी’ म्हणून वर्गावर्गात शिक्षकांचे फोटो लावायला सांगितले. बदली माणूस उभा करून स्वतः गायब राहणाऱ्यांना चाप बसावा हा हेतू. शिक्षक संघटनांना तो अपमान वाटला, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. फोटोतून पालकाला शिक्षकाचा चेहरा मिळतो, तो तर त्याला रोजच दिसतो.

खासगी शाळांत याहून अंधार आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर तालुक्या-तालुक्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. ऊस बिलातून फी भरणारा बाप बस बघतो, टाय बघतो. वर्गावरच्या मॅडम डीएड आहेत की नुकत्याच बारावी झालेल्या, त्यांना पगार किती, दर वर्षी किती जणी सोडून जातात, हे विचारायची सोय त्याला नाही. सीबीएसईने मात्र आपल्या संलग्न शाळांना शिक्षकांची अर्हता, त्यांची संख्या, वर्गांची माहिती संकेतस्थळावर टाकणे सक्तीचे केले आहे. काही शाळा हे मनापासून करतात, काही उरकून टाकतात. तरी एक गोष्ट त्यातून सिद्ध होते, की अशी माहिती जाहीर करता येते आणि त्याने आभाळ कोसळत नाही. मग राज्य मंडळाच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांनी काय घोडे मारले आहे?

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे नवे वाटणार नाही. अमेरिकेत गरीब मुलांच्या शिक्षणासाठीचा केंद्र सरकारचा टायटल वन निधी घेणाऱ्या शालेय जिल्ह्यांना दर वर्षाच्या सुरुवातीला पालकांना कळवावे लागते, की तुमच्या मुलाच्या शिक्षकाची अर्हता विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि राज्याची पात्रता नसलेल्या शिक्षकाने सलग चार आठवडे वा अधिक शिकवले, तर शाळेने ते आपण होऊन पालकांना कळवायचे. त्यांच्याही पद्धतीला खोट होतीच. २००२ पासूनच्या कायद्यात ‘उच्च पात्रताप्राप्त’ शिक्षक असा शब्दप्रयोग होता, पण अनुभवी शिक्षकांना त्यात बसवण्याचे निकष राज्यांच्या हाती होते. परिणाम असा, की बहुतेक राज्यांनी नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षक त्यात बसवले आणि आकडा निरुपयोगी झाला. २०१५ च्या कायद्याने ती अट काढली. पालकाच्या मुलापुरती, त्याच्या वर्गापुरती माहिती देण्याचे बंधन मात्र टिकले, कारण ते कुणाला सरासरीत बुडवता येत नाही.

शिक्षकांचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे: आम्हाला भिंतीवर टांगणार का? त्यासाठी नावे लिहायची गरजच नाही. ‘इयत्ता ७ वी, पट ३८, गणित: बीएस्सी, बीएड, नियमित. विज्ञान: पद रिक्त, भाषाशिक्षक शिकवतात, जूनपासून.’ एवढेच लिहायचे. ज्या भाषाशिक्षकाने दुसऱ्याचा विषय सांभाळला त्याचा यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो पद न भरणाऱ्याचा, आणि आज तो कुठेच दिसत नाही. दर वर्षी निकाल लागला की जाब विचारला जातो वर्गावरच्या माणसाला. २०१२ नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे थंडावली, भरतीसाठीच्या पवित्र पोर्टलच्या फेऱ्या लांबत गेल्या, मानधनावरच्या शिक्षणसेवकांनी २०२३ पर्यंत सहा हजार रुपयांवर प्राथमिकचे वर्ग ओढले. हे सारे गावाच्या नजरेसमोर तेव्हाच लिहिलेले असते तर तक्रारींचा रोख शिक्षकाकडे न राहता जिल्हा परिषदेकडे आणि मंत्रालयाकडे गेला असता. माझ्या मते या मागणीत सगळ्यांत पुढे शिक्षक संघटनांनीच असायला हवे.

दुसरा आक्षेप कामाचा: आणखी एक माहिती भरायची? नाही. नवा रकाना, नवे ॲप, नवी लिंक, काहीही नको. भरलेल्या माहितीतूनच राज्याने प्रत्येक शाळेचे एक पान तयार करावे, मराठीत, आणि ते छापून शाळेला पाठवावे. मुख्याध्यापकाने ते तपासून दारावर लावावे. वर्षातून दोनदा, एकदा सप्टेंबरच्या गणतीनंतर आणि एकदा फेब्रुवारीत, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामातले खरे चित्रही नोंदले जाईल. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे माहिती आपण होऊन जाहीर करण्याचे बंधन सरकारी यंत्रणांवर आधीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी एक शासन निर्णय पुरेल. खासगी शाळांसाठी मान्यतेच्या अटीत भर घालावी लागेल, आणि तिथे संस्थाचालकांचा विरोध होईल हे गृहीत धरूनच उतरावे लागेल.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत सभासदांना तोवर एवढे तरी करता येईल. अजेंड्यावरच्या शौचालय दुरुस्तीच्या विषयानंतर एक विषय लावायला सांगायचा: इयत्तावार शिक्षक वाटप. कोणत्या वर्गावर कोण, कोणत्या विषयाला कोण, मागच्या तीन महिन्यांत किती दिवस तो वर्गाबाहेर होता आणि कुणाच्या आदेशाने. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यायची आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पोहोच घेऊन द्यायची. समितीत पाऊणभर सभासद पालकच असतात, तशी कायद्यातच तरतूद आहे, त्यामुळे हा विषय लावायला कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही.